मी न खाल्लेल्या भाज्या

माझ्या तब्येतीबद्दल मी कुणाचं ऐकून घेत नाही, कारण ऐकून घेण्यासारखं आजवर काही घडलंच नव्हतं. माझ्या नावाने औषधाची बाटली घरात आलेली नाही. सर्दीसुद्धा मला झाली तर ती दुसऱ्याची, म्हणजे बायकोची वगैरे, आणि तीही दुपारपर्यंतच. आणि हे सगळं कशाच्या जोरावर? तर बटाटे, अंडी, ब्रेड आणि चहा. हिरवा रंग मी फक्त दाराखिडक्यांना चालवून घेतो. "पाला खाऊन आयुष्य वाढत असतं," मी ऑफिसात छाती ठोकून सांगायचो, "तर बकऱ्यांना पेन्शन द्यावी लागली असती!" लोक हसायचे. लोक हसले की मी पुन्हा छाती ठोकायचो. आवाजही चांगला यायचा. भरीव.

हे मी त्या मंगळवारी सकाळी सांगितलं. दुपारी मी वजनकाट्यावर बसलो होतो.

आमचं ऑफिस वजनमापं तपासतं. दुकानदाराच्या काट्यावर आमची खरी वजनं ठेवून बघायची. काटा खरा निघाला तर शिक्का मारायचा, खोटा निघाला तर दुकानदाराकडे असं पाहायचं की त्याचा घास घशात अडकावा. ही खरी वजनं पितळेची असतात, मखमलीच्या पेटीत बसतात, आणि ती पेटी अधिकाऱ्यानेच उचलायची असा नियम आहे. त्या दिवशी एका धान्यवाल्याचं गोदाम नेमकं वरच्या मजल्यावर निघालं. मी पेटी घेऊन जिना चढलो. वर पोचलो तेव्हा माझ्याकडे पेटी होती, पण हवा नव्हती. समोर जी पहिली सपाट वस्तू दिसली तिच्यावर मी टेकलो. तो पोती तोलायचा काटा होता. त्याची सुई लटलट कापायला लागली. मी तशाही अवस्थेत ड्यूटी विसरलो नाही.

"स्थिर राहत नाही," मी धापा टाकत म्हणालो. "नापास."

"साहेब," धान्यवाला हळूच म्हणाला, "काटा ठीक आहे. कापताय तुम्ही."

डॉक्टर आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर बसतात. उंच, थोडे वाकलेले, आणि बोलताना पेशंटच्या तोंडाकडे न बघता पोटाकडे बघणारे. त्यामुळे तिथे प्रश्न पोटालाच विचारला जातोय आणि उत्तर मात्र आपल्याला द्यावं लागतंय, असं वाटत राहतं. त्यांनी नाडी धरली, छातीला नळी लावली, रक्त काढून तपासायला पाठवलं, आणि दोन दिवसांनी बायकोला घेऊन या म्हणाले. बायकोला घेऊन या म्हटलं की माणसाने अर्धं समजून घ्यावं. मी समजून घेतलं नाही.

"भाजी किती खाता?" डॉक्टरांनी पोटाला विचारलं.

"रोज," मी म्हणालो. "बटाटा."

"बटाटा धरत नाहीत."

"धरत नाहीत म्हणजे?"

"म्हणजे भाज्या मोजताना तो मोजायचा नाही."

जन्मभर ज्याच्यावर पोसलो त्याचा असा अपमान मी ऐकून घेतला. "मग टोमॅटो सॉस?"

"नाही."

"फळांचा जाम?"

डॉक्टरांनी पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग ते बायकोशी बोलायला लागले, जसं मूल हाताबाहेर गेलं की आईशी बोलतात तसं. ताज्या भाज्या आणि फळं दिवसातून चारपाचदा पोटात गेली पाहिजेत, त्याने हृदयाच्या दुखण्याचा धोका कमी होतो. ह्यांच्या नसांची अवस्था चांगली नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त तपासू, सुधारलं नसेल तर मग मात्र हॉस्पिटल. बायको मान हलवत होती. तिने एकही प्रश्न विचारला नाही, आणि मी जामाचा विषय सोडून दिला.

कारण तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा, अगदी माझ्या आत्ताच्या वयाचा असताना बुटाची नाडी बांधायला खाली वाकला आणि वर उठलाच नाही. तोही पाल्याच्या वाऱ्याला उभा राहायचा नाही. आम्ही दोघं जेवायला शेजारी बसायचो आणि एकमेकांकडे बघून वाटीतलं हिरवं बाजूला सारायचो. तो गेला त्या आठवड्यात बायकोने माझे नाडीचे सगळे बूट देऊन टाकले. मी तेव्हापासून चपला घालतो. ह्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही.

ती वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात फोन घेते. समोरचा कितीही ओरडला तरी तिचा आवाज वर जात नाही. घरी आल्यावर तिने सगळे बटाटे पिशवीत भरले.

"अगं, ते कुठे नेतेस?"

"आपली तक्रार नोंदवून घेतली आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. सकाळी काकडी आणि गाजर. दुपारच्या डब्यात उकडलेला कोबी; त्याच्या वासाने ऑफिसात माझ्या टेबलाभोवती मोकळी जागा तयार झाली. संध्याकाळी पालक, दुधी, बीट. मधल्या वेळेला पपई. आणि प्रत्येक वेळी बायको समोर बसून बघायची. ओरडली असती तर भांडता आलं असतं. ती नुसती माझ्या जबड्याकडे बघायची.

आता माणूस काय करेल? खारीला निसर्गाने गालात पिशव्या दिल्या आहेत. मला त्या सरावाने आणाव्या लागल्या. घास घ्यायचा, दोनतीनदा दाखवण्यापुरता चावायचा, गालात सारायचा, दुसरा घ्यायचा. दोन्ही गाल भरले की "हात धुऊन येतो" अशा अर्थाचा आवाज काढायचा, बाथरूममध्ये जायचं, झडप उघडायची आणि डक्टमध्ये सगळं सोडून द्यायचं. खाली पडल्याचा आवाज बऱ्याच वेळाने यायचा. कधीकधी यायचाच नाही.

डक्ट म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या पोटातली चौकोनी विहीर. सगळ्यांच्या बाथरूमच्या झडपा तिच्यात उघडतात, सगळ्यांचे पाइप तिच्यातून खाली जातात, पाइपांवर कबुतरं घुमत असतात, सगळ्यांच्या हातून साबण, कंगवे आणि एकदा तर एक कवळी तिच्यात पडली आहे. पण डक्ट कुणाचाच नाही. खाली जायला दार होतं, ते कुणीतरी विटा लावून बुजवलं, आणि कुणी बुजवलं ह्यावर सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये भांडण होतं. भर दुपारीसुद्धा तिथे करडाच उजेड असतो. एक थेंब मात्र सतत कुठेतरी पडत असतो.

मी दर जेवणाला तिथे जात राहिलो. बायकोच्या चेहऱ्यावरचा ताण जरा कमी झाला. एकदा तर ती जेवताना गुणगुणली. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाईट वाटणं वेगळं आणि बीट गिळणं वेगळं.

मग एक दिवस दाढी करताना मानेला काहीतरी गार लागलं. मागे वळून बघतो तर झडपेतून एक हिरवा तंतू आत आलेला. बारीक, टोकाशी कुरळा, आणि किंचित हलत असलेला. वारा नव्हता. मी ब्रश बाजूला सरकवला, तर तंतूही सरकला. मी तोंड धुतलं, तो थांबला. मी गुळण्या केल्या, तो थरथरला. मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो आणि दाराला कडी लावली. बाथरूमला बाहेरून कडी लावणारा माणूस घरच्यांना काय सांगणार? मी म्हणालो, दार वाजतंय.

झडपेतून वाकून पाहिलं तेव्हा सगळा प्रकार कळला. खालच्या अंधारातून एक वेल वर आली होती. मनगटाएवढी जाड. ती खालच्या सगळ्या मजल्यांच्या झडपांजवळून आली होती, पण कुठेही पान टेकवलेलं नाही, तंतू अडकवलेला नाही. सरळ आमच्या झडपेपाशी येऊन तिने मुक्काम ठोकला होता. पानं म्हणाल तर काही पालकासारखी, काही गाजराच्या शेंड्यासारखी. आणि पाइपावरची कबुतरं गेलेली. त्यांचा आवाज बंद झाल्याचं मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

बातमी अर्थातच पसरली. आमच्या बरोब्बर वर एक काका राहतात. रिटायर्ड वायरमन, एकटे, आणि फुकट मिळालेली कुठलीही गोष्ट वाया जाऊ न देणारे. ते स्वतःच्या झडपेतून खाली बघून ओरडले, "अहो, दुधी आहे! बी पडलं असणार!"

"दुधीला गाजराची पानं येतात का, काका?"

"हल्ली येतात. हल्ली काय येत नाही?"

सेक्रेटरीबाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्या पहिल्या मजल्यावर राहतात आणि बिल्डिंगमधल्या प्रत्येक अपघातामागे त्यांना हेतू दिसतो. "ह्याला परवानगी कुणी दिली?" त्यांनी मला जिन्यात गाठलं. "माझ्या झडपेसमोरून जाते. मी अंघोळ करताना ती थांबते."

"थांबते म्हणजे?"

"वाढायची थांबते. मी बाहेर आले की पुन्हा चालू. सभ्य आहे, ते मान्य. पण ठराव नाही."

मग फळ धरलं. एकच. आमच्या झडपेच्या अगदी तोंडाशी. रंग वांगं आणि काकडी ह्यांचं लग्न व्हावं तसा, आकार मुठीएवढा, मग दोन मुठींएवढा, मग छोट्या उशीएवढा. डाव्या बाजूला एक काळा तीळ. मला तीळ आहे डाव्या बाजूलाच, बरगडीखाली. पण तीळ काय, कुणालाही असतो, असं मी स्वतःला समजावलं. मग एकदा साबण घेताना हात त्याला लागला आणि मी तो मागे घेतला. फळ कोमट होतं. आणि आत काहीतरी चाललं होतं.

ढब्-ढब्. थांब. ढब्-ढब्.

मी मापांचा माणूस आहे. ऐकीव गोष्टीवर शिक्का मारत नाही. एक हात फळावर ठेवला, दुसऱ्या हाताची बोटं माझ्या नाडीवर, आणि डोळे मिटून उभा राहिलो. दोन्ही ठोके बरोबर पडत होते. इतके बरोबर, की इतक्या वर्षांत मी एवढे जुळलेले दोन काटे पाहिलेले नाहीत. मी श्वास रोखला. ते दचकलं. मग मी जागच्या जागी उड्या मारल्या, आणि फळ धाडधाड वाजायला लागलं. त्याच वेळी बायको दार ढकलून आत आली.

टॉवेलवर उड्या मारणारा नवरा आणि त्याच्या हातात वांग्याच्या रंगाचं काहीतरी, हे दृश्य कुठल्याही संसाराला झेपणारं नाही. पण तक्रार केंद्राचं ट्रेनिंग मोठं असतं.

"काय सेवा करू शकते?" ती म्हणाली.

मी तिचा हात धरून फळावर ठेवला. तिने दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं. मग म्हणाली, "तुम्ही जिना उतरा आणि परत चढून या."

मी उतरलो, चढलो. परत आलो तेव्हा तिचा हात तिथेच होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता. "पहिल्या मजल्यावर थांबला होतात का?"

"हो. सेक्रेटरीबाई भेटल्या."

"वाटलंच," ती म्हणाली. "चुकला मध्येच. एक ठोका."

ही वेल आली कुठून, ह्याचा उलगडा काकांनी केला. त्यांनी पाइपावरून दोर बांधला, बॅटरी कमरेला लावली आणि आम्ही नको नको म्हणत असताना खाली उतरले. वायरमनला खांब काय, डक्ट काय. खालून त्यांचा आवाज घुमत आला, जसा काही बिल्डिंगच बोलतेय. "वहिनी! इथे ढीग आहे! गाजरं, बीट, कोबी! सगळं चावून टाकलेलं!" थेंब पडत राहिला. "आणि प्रत्येक तुकड्यावर दाताची खूण आहे! पुढच्या दोन दातांत फट असलेल्या माणसाची!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं. पण पुढच्या दोन दातांत फट असलेला माणूस तोंड मिटतो तेव्हाही ते दिसतंच.

मी ओरडा खायच्या तयारीत होतो. तिने मात्र बाथरूममध्ये स्टूल नेलं आणि फळाशेजारी बसली. त्या दिवसापासून घरातला कारभारच फिरला. वेलीला पाणी, वेलीला ऊन मिळावं म्हणून झडपेत आरसा, फळावरची धूळ पुसायला मऊ फडकं. माझ्या ताटात मात्र काय पडतंय ह्यात कुणाला रस राहिला नाही. मी एकदा मुद्दाम तिच्यासमोर बटाटे तळून खाल्ले.

"खा," ती म्हणाली. "तुमचं ते खातंय सगळं."

नवऱ्याला सवत येऊ शकत नाही असं मी धरून चाललो होतो. ऑफिसातून आलो की बाथरूममधून तिचा आवाज यायचा: "आज दुपारी का रे धडधडलास? साहेब रागावला का?" आणि साहेब खरंच रागावलेला असायचा. एकदा न राहवून मी म्हणालो, "अगं, खरा माणूस इथे बाहेर उभा आहे!"

ती दारात आली. डोळे लाल होते. "तुम्ही बाहेर असता ना," ती म्हणाली, "तेव्हा मला कळत नाही तुम्ही आहात की... दादाचा फोन आला होता त्या दिवशी सकाळी. अर्ध्या तासाने दुसरा आला. मधल्या वेळात मी कपडे वाळत घालत होते. आता निदान हात ठेवला की कळतं."

ह्यावर मला विनोद सुचला नाही. मी दोनतीनदा प्रयत्न करून पाहिला.

महिना संपला तसं डॉक्टरांनी रक्त तपासलं. माझं रक्त आधीपेक्षा वाईट निघालं. आम्ही त्यांना वर बोलावून फळ दाखवलं. त्यांनी पोटाकडे बघतात तसं त्याच्याकडे पाहिलं आणि एकदम खूश झाले. नळी लावली, दाबून पाहिलं, वास घेतला. "वा! नसा मोकळ्या, ठोका दमदार. ह्याला औषधाची गरज नाही."

"आणि मला?"

"तुमचं नंतर बोलू," डॉक्टर म्हणाले. ते फळावरचा हात काढायला तयार नव्हते. "तुम्ही जे खायचं होतं ते ह्याने खाल्लंय. गुण ह्याला आला. सरळ आहे."

"हे पुस्तकात आहे का?"

"पुस्तकात भाज्या खा एवढंच आहे. न खाल्लेल्या भाज्या कुठे जातात त्यावर फारसं काम झालेलं नाही."

इकडे सेक्रेटरीबाईंनी मीटिंग घेतली. वेलीमुळे पाइप फुटतील, भिंतीला ओल येईल, आणि मुख्य म्हणजे ठराव नाही, तेव्हा येत्या रविवारी माणूस बोलावून वेल कापायची, असं ठरलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "वेल कापली तर माझ्या जिवाला धोका आहे."

"ही धमकी समजायची का?" सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

मग मी सरकारी माणसाला शोभेल अशा मार्गाने गेलो. बागखात्यात. तिथल्या साहेबाने, एका सरकारी माणसाने दुसऱ्याला वागवावं तसं, मला बराच वेळ उभं ठेवलं.

"झाड आहे का?"

"वेल आहे. तिला एक फळ आहे."

"झाड असतं तर कापायला बंदी करता आली असती. वेलीचं काही नाही. फळाची तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही. त्याला नाडी आहे."

साहेबाने पेन खाली ठेवलं. "नाडी असेल तर आमच्याकडे येतच नाही. जनावरांच्या खात्यात जा." जनावरांच्या खात्यातली बाई म्हणाली, पाय असतील तर बघू. मी घरी आलो. माझ्या आयुष्यात मी असंख्य लोकांना ह्या खिडकीतून त्या खिडकीत पाठवलं आहे. त्यांची तोंडं मला त्या दिवशी बसस्टॉपवर एकेक करून आठवली.

शेवटी मार्ग बायकोनेच काढला. शनिवारी दुपारी फळापाशी बसल्या बसल्या ती म्हणाली, "तुम्ही खाऊन टाका."

"काय?"

"हे. तुमच्या तोंडचं आहे. तुमच्याच पोटात जाऊ दे. जेवढं टाकलंत तेवढं सगळं एकदम."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "फळ आहे. फळं खावीत. ह्यापलीकडे मी जबाबदारी घेणार नाही."

प्रश्न एकच होता: कच्चं की शिजवून. 'शिजवून' हा शब्द उच्चारताच माझ्या तळहातांना घाम फुटला आणि झडपेतून ढबढब इतकी जोरात आली की साबणाची डबी खाली पडली. बायकोने खात्री करायला एक पान चिमटीत धरून ओढलं. माझी कानाची पाळी झणझणली. तेव्हा कच्चंच. रविवारी सकाळी, वेल कापणारा यायच्या आत.

रविवारी मी अंघोळ केली, स्वच्छ शर्ट घातला आणि जेवायच्या टेबलाशी बसलो. समोर ताट, सुरी, मीठ. जन्मात पहिल्यांदा मी भाजीची वाट बघत होतो. खरं सांगतो, भीती वाटत होती ती मरणाची नाही, चवीची. बायको माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"दोन्ही गालांत भरायचं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"हात धुवायला जायचं नाही."

"तू दारात उभी राहा."

ती फळ आणायला आत गेली. बराच वेळ आवाज आला नाही. मी हाक मारली. उत्तर आलं नाही तेव्हा मी उठून गेलो. बायको झडपेसमोर उभी होती. वेल होती, पानं होती, आरसा होता. फळ नव्हतं. देठ स्वच्छ कापलेला, आणि त्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं. त्या थेंबांना रंग नव्हता, एवढीच समाधानाची गोष्ट. मी माझ्या छातीवर हात ठेवला. ठोका चालू होता. पण लांबून आल्यासारखा. वरून.

आम्ही दोघं जिना चढून वर गेलो. काकांनी दार उघडलं. तोंड पुसत होते.

"या या! मी तुमच्याकडेच येणार होतो. आज कापणारच होते ना वेल? म्हटलं, वाया कशाला घालवायचं! आकडीला सुरी बांधून देठ कापला आणि वर ओढलं."

"कुठे आहे?" बायकोचा आवाज पहिल्यांदाच वर गेलेला मी ऐकला.

"खाल्लं की! कच्चंच. मीठसुद्धा लावलं नाही." काकांनी पोटावरून हात फिरवला. माझ्या पोटावरून कुणीतरी हात फिरवला. "तुमच्यासाठी एक फोड ठेवायची होती, पण थांबताच येईना. काय चव सांगू! अगदी ओळखीचं कुणीतरी असावं तसं लागलं."

वेल त्याच दुपारी कापली. तिच्या आत भुसा निघाला. मला काहीही झालं नाही. डक्ट पुन्हा डक्ट झाला, कबुतरं मात्र आली नाहीत.

काकांची तब्येत म्हणाल तर विचारू नका. गुडघे दुखायचे ते थांबले. जिना दोन दोन पायऱ्या सोडून चढतात, आणि मला ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या धाप लागते. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका बाई त्यांच्याकडे बघून हसल्या, त्या दिवशी भर मीटिंगमध्ये माझे कान तापले. साहेबाने विचारलं, काही सांगायचंय का. माझं रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, आता उत्तम आहे, काय खाताय? मी म्हणालो, बटाटे.

बायको रोज वर डबा नेते. सकाळी काकडी आणि गाजर, दुपारी कोबी, संध्याकाळी पालक, मधल्या वेळेला पपई. ते सगळं चावून खातात की नाही, हे बघायला समोर जाऊन बसते. तिथून खाली येते, जाता जाता माझ्या मनगटाला हात लावते आणि कामाला लागते. काकांना जपायला सांगून झालं, विनवून झालं, घाबरवूनही झालं. ते म्हणतात, वहिनी, मला इतकं तरुण कधी वाटलं नव्हतं, आता सगळं करून बघणार.

काल त्यांनी पोहायला नाव घातलं. मला पोहता येत नाही.